अनारशांचा डबा आणि बर दुबईची पायपीट

समस्त सुजाण वाचकांस, विशेषतः ज्यांची लेकरं, भाचरं किंवा मेहुणे आखातात नोकरीला आहेत अशांस, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक, वय वर्षे बावन्न, बँकेत हेडक्लार्क, आयुष्यात एकदाही विनातिकीट प्रवास न केलेला, हा १९९९ सालच्या दिवाळीच्या तोंडावर एका परक्या देशात अमली पदार्थ काखोटीला मारून दिवसाढवळ्या हिंडत होता. त्याची पत्नी या कटात बरोबरीची भागीदार होती. माल तिनेच तळला होता.

आता सांगलीला परतून महिना झाला आहे. दारावरची बेल वाजली की मी अजूनही आधी खिडकीतून बघतो. पण दुबईला न गेलेल्या मंडळींनी दुबई कशी आहे ते विचारून पिच्छा पुरवला आहे, तेव्हा काय घडलं ते सांगून टाकतो.

शुक्रवार : विमानतळ आणि करामा

माझी पत्नी कुमुद. तिचा धाकटा भाऊ शिरीष दहा वर्षांपासून तिकडे आहे. घर दुबईत, करामा नावाच्या भागात, आणि नोकरी तिथून दीड-दोन तासांवर, अबूधाबीजवळच्या मुसफ्फामध्ये. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये तेलाच्या टाक्या बनतात आणि शिरीष त्यांचे जोड तपासतो. पहाटे साडेचारला कंपनीची बस येते. त्याची बायको मेधा शाळेत शिकवते, म्हणून घर दुबईत ठेवलंय. याच महिन्यात त्याचा व्हिसा नव्याने व्हायचा होता आणि कंपनीत माणसं कमी करायची बोलणी चालू होती. विमानतळावरून घरी येताना तो गाडीत तीनदा म्हणाला, "भाऊजी, सध्या आपण जरा शांत राहायचं, बास." मी म्हणालो, "मी कधी अशांत असतो?" कुमुद खिडकीबाहेर बघत राहिली.

विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने आमच्या सामानातला एकच नग बाजूला काढला होता. स्टीलचा मोठा डबा. पांढराशुभ्र पायघोळ झगा घातलेला तो तरुण त्या डब्यावर बोटाने टकटक करून म्हणाला, "यह क्या?"

"दिवाळी स्वीट. मेड बाय वाइफ," मी वाइफकडे हात करून म्हणालो.

त्याने कुमुदकडे पाहिलं. कुमुदने लग्नाच्या अल्बममधलं हसू काढलं. त्याने डबा परत दिला. मी उघडून त्याला एक चाखायला देणार इतक्यात कुमुदने माझा दंड दाबला. "अहो, आधी देवाला!"

डब्यात एकवीस अनारसे होते. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, कोल्हापुरी गूळ, घरचं तूप. एकही तुपात हसला नव्हता, म्हणजे विरघळून फुटला नव्हता, आणि ही गोष्ट कुमुदने शेजारच्या चारही घरी सांगितली होती. प्रत्येकावर खसखस अशी दाट बसलेली की वाटावं मोती जडवलेत. नियम एकच. तिकडच्या देवळात नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणीही झाकण उघडायचं नाही. त्यामुळे घरी पोहोचल्यावर नऊ वर्षांच्या ईशाने, म्हणजे शिरीषच्या मुलीने, "आत्या, व्हॉट्स इन द बॉक्स?" असं विचारलं तेव्हा तिला "उद्या, देवाचं झालं की" एवढंच उत्तर मिळालं. "ओके. आय लाइक ओन्ली चकली एनीवे," म्हणून ती टीव्हीकडे गेली.

शिरीषने झाकण उघडलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

शनिवार, सकाळ : बस्तकिया

तिकडे सुट्टी शुक्रवारी. शनिवारी उठलो तेव्हा शिरीष मुसफ्फाला, मेधा आणि ईशा शाळेत. टेबलावर शिरीषने काढलेला नकाशा आणि चिठ्ठी: "टॅक्सीने जा." कुमुदने टॅक्सीचे दिरहम बाराने गुणले, देवळात न्यायचा डबा माझ्या काखेत दिला आणि चप्पल घातली.

करामातून खाडीकडे चालत निघालो. कोपऱ्यावर एका मल्याळी माणसाच्या हॉटेलात पराठा आणि घट्ट दुधाचा चहा घेतला. चहा कागदी पेल्यात, इतका गोड की चमचा उभा राहावा. रस्ता ओलांडायला हिरवा माणूस लागेपर्यंत लोक थांबतात, गाडी नसली तरी थांबतात. मी सांगलीच्या सवयीने मध्ये उतरलो, तर पलीकडून एक अनोळखी केरळी गृहस्थ ओरडले, "भाईसाब, फाइन!" फाइन हा शब्द मी दिवसभरात इतक्या वेळा ऐकला की मला वाटलं हे इथलं रामराम आहे.

मग उंच इमारती संपल्या आणि एकदम बस्तकिया आली. मातीच्या रंगाच्या भिंती, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावं अशा गल्ल्या, आणि प्रत्येक घराच्या डोक्यावर चौकोनी मनोरा. बारजील म्हणतात त्याला. चारी बाजूंनी उघडा. वरून वारा पकडतो आणि खाली खोलीत सोडतो. पूर्वी इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांनी बांधलेली ही घरं. बरीच पडकी होती, काही डागडुजी करून उभी केली होती. एका दुरुस्त घराचं दार उघडं दिसलं. मी डोकावलो. मी डोकावतोच.

आत अंगणात, बारजीलच्या बरोबर खाली, एक म्हातारबाबा बाकावर मांडी घालून बसले होते. या घराची देखरेख त्यांच्याकडे होती. नाव अबू जासिम, म्हणजे जासिमचे वडील. आम्हाला बघताच म्हणाले, "हिंदी? आओ, आओ. बैठो. हवा खाओ."

खरोखर हवा खाण्यासारखी होती. बाहेर ऊन कातडी सोलत होतं आणि तिथे मानेवरून गार झुळूक उतरत होती. अबू जासिम तरुणपणी वडिलांबरोबर गलबतातून खजूर घेऊन मुंबईला जायचे. "हम बंबई में भेंडीबाजार में दो-दो महिना रहता था," ते म्हणाले. "हमारा टाइम में इधर भी रुपया चलता था. तुम्हारा रुपया!" हे ऐकून मला उगाचच आपण त्यांना काहीतरी दिल्यासारखं वाटलं आणि छाती फुगली.

मग आला गहवा, म्हणजे वेलदोड्याची काळी-पिवळी कडू कॉफी, बोटभर पेल्यात. सोबत खजूर. मी पेला रिकामा केला, त्यांनी भरला. पुन्हा रिकामा केला, पुन्हा भरला. समोर भरलेला पेला टाकून उठणं आमच्यात बसत नाही, आणि रिकामा दिसला की न भरणं त्यांच्यात. सातव्या पेल्याला माझ्या कानात घंटा वाजायला लागल्या. तेव्हा बाबांनाच दया आली. "बस हो गया तो ऐसा हिलाने का," म्हणून त्यांनी पेला मनगटातून हलवून दाखवला. मी असा हलवला की तो हातातून निसटायचाच बाकी होता.

या पाहुणचाराने मी भारावलो होतो. माणूस भारावला की त्याच्या हातून काय होईल सांगता येत नाही. मी डबा उघडला.

"अहो!" कुमुद म्हणाली.

"अतिथी देवो भव."

"अतिथी आपण आहोत!"

तोवर एक अनारसा अबू जासिमांच्या हातात गेला होता. त्यांनी तो उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. "घी," ते म्हणाले आणि डोळे मिटले. बहुतेक भेंडीबाजारात पोहोचले. मग खिशातून पांढरा रुमाल काढला आणि अनारसा त्यात अलगद गुंडाळून ठेवला. "अभी नहीं. अस्र की नमाज के बाद मेरा लडका आता है, इधर चाय पीता है मेरे साथ. दोनों खाएगा."

"वा! क्या करते हैं आपके सुपुत्र?"

"पुलिस में है," ते अभिमानाने म्हणाले.

"वा वा वा!" मी म्हणालो. माझा आनंद अगदी मनापासूनचा होता.

देवळाची गल्ली

देऊळ बाहेरून देऊळ वाटत नाही. कापडबाजाराच्या मागे, मोठ्या मशिदीच्या शेजारी, एका साध्या इमारतीत जिना चढून वर जायचं. खाली चपलांचा डोंगर. आपल्याकडे देवळात जाताना देवाची आठवण येते, इथे जाताना मला गावाची आली. झेंडूच्या माळा, उदबत्ती, ओल्या फरशीचा वास. एका काकूंनी कुमुदचं कुंकू बघून "मराठी का हो?" विचारलं आणि दोघी पाच मिनिटांत चुलत-मावस नात्यापर्यंत पोहोचल्या. नैवेद्य दाखवला, तुळशीचं पान डब्यात पडलं आणि वीस अनारशांचा प्रसाद झाला. मशिदीतून दुपारची बांग ऐकू येत होती आणि जिन्यावरून उतरणारे चढणारे सगळे हळू आवाजात बोलत होते. मी घसा खाकरून एक आरती म्हणावी असा विचार केला होता, तो सोडून दिला.

खाली गल्लीत पूजेच्या सामानाची, वाणसामानाची चिमुकली दुकानं आहेत. तिथे कुमुदला आठवलं की घरी दुसरा घाणा करायचा तर अनारशाचं पीठ आणलंय, पण खसखस सांगलीलाच राहिली. ती एका सिंधी दुकानदारासमोर उभी राहिली. गोरेपान, जाड चष्मा, कपाळावर केशरी टिळा. आणि चांगल्या खणखणीत आवाजात, मंडईत विचारावं तसं तिने विचारलं,

"भय्या, खसखस है?"

शेठजींचा हात तराजूवर थांबला. शेजारच्या दुकानातला माणूस आत गेला. शेठजी काउंटरवरून पुढे वाकले आणि ओठ न हलवता म्हणाले, "बहनजी, धीरे. यह चीज का नाम भी नहीं लेना इधर."

"का? महाग आहे का?" कुमुदने मला विचारलं.

"महाग? बहनजी, जेल है जेल! अफीम के पेड की चीज है ना. एक दाना मिला तो भी ड्रग का केस. मेरे सामने एक आदमी को ले गए थे. मसाले के पॅकेट के लिए." मग त्यांनी आमच्याकडे नीट पाहिलं. "नए आए हो?"

"कल," मी म्हणालो. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येत होता. डबा माझ्या काखेत होता. तो अचानक गरम झाला.

वाचकहो, खसखस अफूच्या बोंडातून येते हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं. खसखस म्हणजे आजीच्या हातचं दूध, बाळंतिणीची खीर, रात्री झोप न येणाऱ्या माणसाचा उतारा. ती घरातली बाई. तिचं माहेर असलं असेल हे कुणाच्या मनात येणार?

आम्ही गल्लीतून असे निघालो, जणू तीन पायांची शर्यत लावली होती. माझ्या सदऱ्यावर, खिशाच्या कडेला, चार दाणे चिकटले होते. मी ते झटकले. मग वाटलं, झटकलेले दिसले असतील. मग ते जिथे पडले तिथे मी चप्पल घासली. मग वाटलं, चपलेला लागले असतील.

"लंगडी काय घालताय?" कुमुद कुजबुजली.

"पुरावा पुसतोय."

फोनच्या खोक्यात

कार्ड घालून करायचा सार्वजनिक फोन सापडला. मी शिरीषला मुसफ्फाला मोबाइल लावला. मागे घण आणि ग्राइंडरचा आवाज.

"शिरीष, एक विचारू? अनारशावर काय असतं?"

"भाऊजी, मी साइटवर आहे. काय असणार? खसख—" पलीकडे सगळे घण एकदम थांबल्यासारखं वाटलं. मग अगदी हळू आवाज, "तुमच्याबरोबर आहे?"

"वीस आहेत."

"कुठे आहात?"

"बर दुबई. पोलीस स्टेशन किती लांब असेल रे इथून?"

"तुम्ही पोलीस स्टेशनला कशाला—"

"जायचं नाहीये, लांब राहायचंय!"

"ताईला फोन द्या." मी दिला. मला त्याचा आवाज तरीही ऐकू येत होता. "ताई, ते सगळं घालव. कचऱ्याच्या डब्यात नको, तिथे कॅमेरे असतात. घरी आणायचं नाही. आणि डबापण टाक."

"डबा नाही टाकायचा," कुमुद म्हणाली. "आईचा आहे."

"अगं पण—"

"आणि त्याच्यावर तुझं नाव आहे."

हे खरं होतं. डब्याच्या पोटावर टिपक्याटिपक्यांनी कोरलं होतं: चि. शिरीष याच्या मुंजीप्रीत्यर्थ, सांगली. खाली साल. जगातला कुठलाही चोर असा नाव, समारंभ आणि गाव कोरून माल नेत नसेल.

मग शिरीष म्हणाला, "ताई, माझा व्हिसा… तुम्ही काहीही करा, पण कुणाशी बोलू नका. भाऊजींना बोलू देऊ नकोस." खट्.

खाडी

दुबईची खाडी म्हणजे गावाच्या मधोमध शिरलेला समुद्र. अलीकडे बर दुबई, पलीकडे देरा. माणसं लाकडी होडीतून ये-जा करतात, तिला अब्रा म्हणतात. पन्नास फिल्स, आपले सहा रुपये. मधल्या फळीवर पाठीला पाठ लावून वीस जण बसतात, कठडा नाही, आणि होडी सुटली की पाय पाण्यावर लोंबतात. एरवी मी या सफरीवर दोन पानं लिहिली असती. मालाने लादलेली गलबतं, धक्क्यावर रचलेले फ्रिज आणि टायर, मशिदींचे मिनार, डोक्यावर घिरट्या घालणारे पांढरे पक्षी. मला त्यातलं काहीही दिसत नव्हतं. माझ्या डाव्या बाजूला एक पठाण, उजवीकडे कुमुद आणि तिच्या मांडीवर डबा.

प्रश्न असा होता की प्रसाद फेकायचा कसा. नुसते अनारसे असते तर गोष्ट वेगळी. आता त्यांना नैवेद्य दाखवला होता, वर तुळस होती. कुमुदने तुरुंग की पाप असा विचार मनातल्या मनात केला आणि तिसरी वाट काढली.

"विसर्जन," ती म्हणाली.

कृष्णेच्या घाटावर वाढलेली बाई आहे. होडी मध्यावर आली, तिने पदर खोचला, डबा पाण्याशी नेला आणि एकेक अनारसा हात बुडवून सोडू लागली. फेकला एकही नाही. प्रत्येक वेळी बोटं कपाळाला लावायची. पक्ष्यांना बातमी लागली. पंधरा-वीस पक्षी किंचाळत आमच्या डोक्यावर आले. अख्खी होडी वळून बघायला लागली.

"क्या डालता है?" नावाड्याने सुकाणूवरून ओरडून विचारलं. चितगावचा होता.

"पूजा! पूजा का!" मी ओरडलो.

"अच्छा, पूजा," तो म्हणाला आणि इंजिन मंद केलं. त्याने होडीचा वेग आमच्यासाठी कमी केला! शेजारच्या पठाणाने अदबीने पाय वर घेतले. एवढ्या सज्जन माणसांनी भरलेल्या होडीत मी एकटा गुन्हेगार होतो, आणि पलीकडच्या धक्क्यावर दोन गणवेशवाले उभे दिसत होते.

विसावा अनारसा पाण्यात गेला. कुमुदने हात जोडले आणि डोळे मिटून सवयीने म्हणायला सुरुवात केली, "पुनरागमनाय—"

"च म्हणू नकोस!" मी म्हणालो. "परत यायला सांगू नकोस त्यांना!"

देराच्या पायऱ्यांवर तिने डबा खाडीच्या पाण्याने चारदा विसळला, पाचव्यांदा पदराने पुसला. गणवेशवाले निघाले धक्क्याचे हमाल. आम्ही मसाल्याच्या बाजारात शिरलो, केशर, धूप, वाळलेली लिंबं यांच्या पोत्यांमधून, आणि पलीकडे एका टपरीवर बसलो. हरभऱ्याचे तळलेले गोल वडे खाल्ले, पावाच्या खिशात भरून. फलाफल नाव. वर तिळाची पांढरी चटणी. मी चटणी बघून आधी दचकलो. "तीळ आहेत ते," कुमुद म्हणाली. "प्रत्येक दाण्याला घाबरू नका." तीन तासांत पहिल्यांदा मी हसलो. पाय ताणले. दुबई एकदम सुंदर दिसायला लागली.

"वीस झाले ना मोजून?" मी समाधानाने विचारलं.

"वीस," कुमुद म्हणाली. मग तिचा घास थांबला. "एकवीस केले होते."

पुन्हा बस्तकिया

घड्याळात पावणेतीन. सव्वातीनला अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज. त्यानंतर पोलीस खात्यातले सुपुत्र बापाबरोबर चहा पिणार, समोर पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला ऐवज.

माझं मत स्पष्ट होतं आणि ते मी लपवत नाही. घरी जावं, दार लावावं, दुबईत असेपर्यंत गॅलरीतून शहर बघावं. अबू जासिमना आमचं नाव माहीत नव्हतं, पत्ता नव्हता. आम्ही फक्त दोन हिंदी. लाखोंनी आहेत.

"आणि त्या बाबांचं काय?" कुमुद म्हणाली.

"काय व्हायचंय? मुलगाच आहे."

"पोलिसातला आहे. त्याच्या कुणी साहेबाने बघितलं तर? म्हाताऱ्याला विचारतील, कुणी दिलं? तो काय सांगणार, आले होते, हवा खाल्ली, सात पेले गहवा प्यायले आणि गेले? मला त्याच्या घरचं पाणी पचणार नाही, अहो."

मी पुष्कळ नाटकं केली आहेत, आमच्या बँकेच्या स्पर्धेत तीनदा बक्षीस घेतलं आहे, आणि एक लांबलचक स्वगत तयारही केलं होतं. पण ती उठून चालायला लागली होती.

परतीची होडी भरायला दहा मिनिटं लागली. शेवटी एकच माणूस कमी होता, त्याच्याऐवजी मी दोन तिकिटांचे पैसे जास्त द्यायला तयार होतो. पलीकडे उतरून आम्ही कापडबाजारातून धावलो असं म्हणणार नाही, कारण तिथे धावणारा माणूस लक्षात येतो. आम्ही भराभर, हसऱ्या चेहऱ्याने चाललो. दुपारची दुकानं बंद. शालींचे दोन विक्रेते दारात पेंगत होते, तेही उठून "काश्मिरी पश्मिना, काका!" म्हणत मागे आले. पोलीस मागे लागायच्या आधी शालवाले लागले. बस्तकियाच्या गल्ल्यांत आल्यावर सगळी घरं सारखी. एका बारजीलखालून शिरलो तर बांधकामाची वाळू. दुसऱ्यात कुलूप. आणि मशिदीतून नमाजाची बांग सुरू झाली.

"तुम्ही काही बोलायचं नाही," कुमुद धापा टाकत म्हणाली.

"मी काय ठरवलंय ऐक. मी म्हणेन, आमच्यात असं आहे की देवाच्या आधी दिलेलं परत—"

"काही. बोलायचं. नाही."

बांग संपून बराच वेळ झाला तेव्हा ते दार सापडलं. उघडंच होतं.

अंगणात बाकावर अबू जासिम, त्यांच्यासमोर तिशीचा उंच, देखणा पोलीस, खाकी गणवेश, टोपी मांडीवर. मध्ये तबकात किटली, दोन पेले, आणि एका काचेच्या बशीत, रुमालातून सोडवलेला, कुमुदचा एकविसावा अनारसा. खसखशीची बाजू वर. बारजीलमधून उन्हाची तिरीप बरोबर त्याच्यावर पडली होती. इतकी नीट प्रकाशयोजना आमच्या नाट्यगृहात मला कधी मिळाली नाही.

"मर्हबा! हिंदी दोस्त!" बाबा आनंदाने ओरडले. "जासिम, यही हैं!"

जासिम उठून उभा राहिला. माझ्याशी हात मिळवला. माझा हात त्याच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडला होता. आणि मी बोललो. मला बोलायचं नव्हतं, तोंड आपोआप उघडलं.

"वो क्या है, साहब, यह जो मिठाई है, यह कल की है. परसों की. खराब हो गई है. बदबू मारती है. हमारे यहाँ एक आदमी ने खाया, वो अस्पताल में है. मतलब, था. अब ठीक है. मतलब—"

जासिमने बशीतला अनारसा दोन बोटांत उचलला. नाकाशी नेला. "बदबू?" तो म्हणाला. "नो, नो. व्हेरी नाइस स्मेल." मग त्याने तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरला आणि वरचे दाणे बघू लागला. अंगठ्याने एक दाणा खरवडला. तो खाली बशीत पडल्याचा आवाज मला ऐकू आला, शपथेवर सांगतो.

"वॉट इज दिस, अंकल? ऑन द टॉप?"

मला डोळ्यांसमोर शिरीष दिसला, सामानाच्या खोक्यांसह, विमानतळावर, मांडीवर मुंजीचा डबा घेऊन. अबू जासिम हसत होते. त्यांना काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. त्या क्षणी मला त्या म्हाताऱ्याबद्दल जितकी काळजी वाटली तितकी स्वतःबद्दल वाटली नाही.

आता कुमुदबद्दल एक सांगायला हवं. सत्तावीस वर्षांच्या संसारात तिने स्वतःच्या हातचा अनारसा सगळ्यांचं खाऊन झाल्याशिवाय तोंडात घातलेला नाही. पंगतीत वाढताना कुणी आग्रह केला तरी नाही. बहुधा तळाला उरलेला तुकडा तिच्या वाट्याला येतो.

ती दोन पावलं पुढे आली. "एक मिनिट हं, भाऊ," असं मराठीत म्हणाली, जासिमच्या बोटांतून अनारसा काढून घेतला आणि तोंडात घातला. आख्खा. अनारसा तळहाताएवढा होता. तिचे दोन्ही गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण ती थांबली नाही. चावत राहिली. एक हात छातीवर, एक हात आम्ही मध्ये पडू नये म्हणून आडवा धरलेला. मग बशी उचलली, तळाला पडलेले दाणे बोटाने टिपले, तेही चाटले. जासिमच्या अंगठ्याकडे बघितलं आणि पदराने तोही पुसून घेतला.

जासिमचा हात अजून हवेतच होता, दोन रिकामी बोटं चिमटीसारखी धरलेली. कुमुदने आवंढा गिळला, पदर सारखा केला आणि खाली बघत उभी राहिली. सगळ्या सांगलीची अब्रू तिच्या चेहऱ्यावर लाल होऊन गोळा झाली होती.

अबू जासिमांनी तिच्याकडे पाहिलं. रिकाम्या बशीकडे पाहिलं. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं, मग एकदम कळवळा. त्यांनी अख्खं खजुराचं तबक उचललं, तिच्या हातात कोंबलं, माझ्याकडे असा जळजळीत कटाक्ष टाकला की मी दोन पावलं मागे सरलो, आणि ओरडले,

"बहन, भूखा था तो सुबह बोलने का था ना! यह आदमी तुमको खाना नहीं देता?"